जुन्या मोटारीचें निदान

दुखणें कोणतें हें ठरण्यापूर्वींच औषध सुरू करणारा वैद्य जसा घातक, तसाच दोष कोठें आहे हें न पाहतां इंजिन उघडणारा कारागीरही घातक होय. फरक इतकाच कीं, पहिल्याच्या हातून देह जातो आणि दुसऱ्याच्या हातून द्रव्य जातें. आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांत अद्यापि एखादी तीस-चाळीस वर्षांची मोटार जपून ठेवलेली असते. ती रस्त्यावर धांवूं लागली म्हणजे बरी चालते. परंतु उभी असतां, पायानें रेस न देतां, तिचें इंजिन नुसतें चालू ठेवलें कीं ती थरथरूं लागते, मध्येंच ठोका चुकते आणि अखेर बंद पडते. मिस्त्री लोक यास ‘गाडी मिसिंग मारते’ किंवा ‘स्लो धरत नाहीं’ असें म्हणतात. हा विकार दिसण्यांत किरकोळ आहे. पण त्याचें निदान चुकलें म्हणजे चार आण्यांच्या दोषासाठीं सबंध इंजिनाची शस्त्रक्रिया होते, किंवा चांगली गाडी भंगारांत जाते. म्हणून हें निदान कसें करावें याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

शहरांत ज्यांच्या दारापासून हाकेच्या अंतरावर कारखाना आहे, त्यांस हा विषय गमतीचा वाटेल. आमच्या डोंगरकड्यासारख्या गांवीं तो गरजेचा आहे. हें गांव कळमनुरी तालुक्यांत, नांदेड-हिंगोली रस्त्यावर वसलेलें. केळी, हळद आणि ऊंस यांवर येथील संसार चालतो. मोठें दुखणें आलें म्हणजे नांदेड गांठावें लागतें. अशा वेळीं घरची गाडी ही चैनीची वस्तु राहत नाहीं. ती रात्री-अपरात्रीं एखाद्या जिवाचा आधार होते. फाट्यावर उभी राहिली असतां बंद पडणारी गाडी त्या प्रसंगीं काय कामाची?

उदाहरणादाखल आपण प्रीमियर पद्मिनी ही गाडी घेऊं. कारण ती मराठी माणसाच्या विशेष परिचयाची आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत मोटारी तयार होऊं लागल्या. इटलीच्या फियाट कंपनीची ‘११०० डिलाइट’ ही गाडी १९६४ पासून तेथें निघूं लागली व पुढच्या दशकांत तिचेंच नामकरण ‘प्रीमियर पद्मिनी’ असें झालें. लोक मात्र तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. तथापि अनेक घरांच्या अंगणांत ती अजून उभी आहे. तिचें इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें आहे. त्यांत कार्बुरेटर आहे, प्लगांना ठिणगी वांटून देणारा डिस्ट्रिब्युटर आहे, आणि संगणकाचें नांवही नाहीं. सबब तिचा प्रत्येक व्यवहार डोळ्यांना दिसतो व हाताला लागतो. जिज्ञासु मनुष्यास याहून चांगली पाठशाळा मिळणें कठीण. जी गोष्ट पद्मिनीची, तीच थोड्याफार फरकानें जुन्या कार्बुरेटरच्या मारुतीची आणि पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या जीपचीही समजावी.

प्रथम निरोगी स्थिति समजली पाहिजे. तिच्यावांचून विकृति ओळखतां येत नाहीं. जर्मनीच्या निकोलाउस ऑटो यानें १८७६ सालीं यशस्वी करून दाखविलेल्या चार टप्प्यांच्या तत्त्वावर हीं इंजिनें चालतात. हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढणें, तें दाबणें, ठिणगीनें पेटविणें आणि जळालेला धूर बाहेर टाकणें, असे हे चार टप्पे. यांस दांड्याचे दोन फेरे लागतात. इंजिन उभ्या गाडींत मिनिटास ८०० फेरे घेत आहे असें मानलें, तर प्रत्येक सिलिंडरांत ४०० व चोहोंत मिळून १६०० स्फोट एका मिनिटांत होतात; म्हणजे सेकंदास सुमारें सत्तावीस. हे सर्व सारख्या जोराचे व सारख्या अंतरानें झाले, तर गाडी शांत. त्यांतील एकच सिलिंडर आळशी झाला, तर सेकंदाला सहा-सात हिसके बसतात, आणि तीच ती थरथर.

यावरून एक उपयुक्त भेद निघतो. हिसका जर तालांत, ठराविक अंतरानें येत असेल, तर कोणता तरी एक विशिष्ट सिलिंडर दोषी आहे असें धरावें. तो जर बेताल, केव्हां येईल केव्हां नाहीं असा असेल, तर दोष चोहोंस सामाईक असलेल्या ठिकाणीं, म्हणजे कार्बुरेटर, पॉइंट, कॉइल किंवा हवेची गळती यांपैकीं कोठें तरी शोधावा. नुसत्या कानांनीं इतकें निम्में काम होतें.

आतां कोणी विचारील कीं, दोष आहे तर तो वेगांत कां दिसत नाहीं? उत्तर सोपें आहे. हौदभर पाण्यांत चिमूटभर मीठ पडलें तर कळतही नाहीं. ओंजळभर पाण्यांत पडलें तर तोंड खारट होतें. गाडी उभी असतां कार्बुरेटरचा पडदा जवळजवळ मिटलेला असतो व इंजिन अगदीं थोड्या मिश्रणावर जगत असतें. पडदा मिटलेला असल्यानें आंतील पोकळींत ओढही फार जोराची असते. अशा वेळीं एखाद्या सांध्यांतून फाजील हवा शिरली, तर मूळच्या अल्प मिश्रणाच्या मानानें ती पुष्कळ ठरते व मिश्रण पातळ होऊन नीट पेटत नाहीं. रेस दिली कीं पडदा उघडतो, मिश्रण वाढतें, ओढ कमी होते, आणि तीच गळती नगण्य ठरते. म्हणून ‘उभी असतां वाईट, चालतां बरी’ हें हवेच्या गळतीचें किंवा कार्बुरेटरांतील स्लो जेट तुंबल्याचें मुख्य लक्षण होय. उलट, वेग व चढण वाढतांच दोष वाढत असेल, तर ठिणगीकडे किंवा पेट्रोलच्या पुरवठ्याकडे पाहावें.

आपल्या वैद्यकांत दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी त्रिविध परीक्षा सांगितलेली आहे. ती मोटारीस तंतोतंत लागू पडते. फक्त क्रम उलट घ्यावा आणि प्रश्नापासून आरंभ करावा. मोटारीला वाचा नाहीं, पण ती चालविणाऱ्याला आहे. त्रास केव्हांपासून सुरू झाला? त्यापूर्वीं कोणती दुरुस्ती झाली होती? सकाळीं इंजिन थंड असतां होतो कीं तापल्यावर? पावसाळी हवेंत वाढतो काय? चोक ओढला तर कमी होतो काय? थंडपणींच त्रास असेल तर मिश्रण पातळ असावें. तापल्यावरच असेल तर कॉइल, कंडेन्सर किंवा फार घट्ट बसविलेले टॅपेट यांचा संशय घ्यावा. कारण टॅपेटांत पुरेशी फट नसली म्हणजे तापलेला व्हॉल्व्ह लांबतो व पूर्ण मिटत नाहीं. पावसाळ्यांतच असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या टोपणास बारीक तडा गेला असेल, किंवा प्लगच्या तारांवरील वेष्टन पिचलें असेल. काळोख्या रात्रीं बॉनेट उघडून इंजिन चालू केलें, तर अशा तारांवर निळसर ठिणग्या नाचतांना प्रत्यक्ष दिसतात.

दर्शनांत धूर व प्लग हे मुख्य. धुरावरून अग्नीचें अनुमान हें तर न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याचें पहिलें उदाहरण. येथें धुराच्या रंगावरून अग्नीचा स्वभाव ओळखावयाचा आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. निळसर धूर म्हणजे इंजिनांतील तेल जळत आहे. सकाळीं थोडा वेळ येणारी पांढरी वाफ निरुपद्रवी. पण ती तापल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. प्लग काढून क्रमानें कागदावर मांडावे. टोंक फिकट तपकिरी असेल तर प्रकृति उत्तम. कोरडी काजळी असेल तर मिश्रण घट्ट. ओलें तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजलेले. पांढरेंफटक असेल तर मिश्रण पातळ. चारांपैकीं एकच प्लग निराळा दिसला, तर रोगी सिलिंडर आपोआप सांपडला.

यानंतर अन्वय-व्यतिरेकाची पाळी. एक वस्तु असतां कार्य होतें आणि नसतां होत नाहीं, हें पाहून कारण ठरविण्याची ही आपली जुनी रीत. इंजिन बंद करून एका प्लगची तार काढावी, तिचें टोंक इंजिनाच्या धातूस पक्कें टेकवून ठेवावें व इंजिन पुन्हां सुरू करावें. थरथर वाढली व वेग उतरला, तर तो सिलिंडर आजवर काम करीत होता. कांहींच फरक पडला नाहीं, तर तोच कामचुकार होय. कारण त्याच्या असण्यानसण्यानें कार्यांत भेद होत नाहीं. असें चोहोंचें करावें. मग त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरांत घालून पाहावा. दोष प्लगाबरोबर स्थलांतर करील तर प्लग वाईट. जागच्या जागीं राहील तर तार किंवा सिलिंडर. हा प्रयोग जुन्या, साध्या गाड्यांपुरताच आहे. ज्या गाड्यांत संगणक व धूर शुद्ध करणारी कॅटलिटिक पेटी असते, त्यांवर तो करूं नये. न जळलेल्या पेट्रोलनें ती पेटी बिघडते.

सिलिंडरचा संशय असेल तर कॉम्प्रेशन मोजण्याचें घड्याळ लावावें. चारही आंकडे एकमेकांच्या जवळपास असले म्हणजे इंजिनाचें हृदय शाबूत आहे. एक आंकडा फार खालीं असेल, तर त्या भोंकांत चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हां मोजावें. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. वाढला नाहीं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन्ही आंकडे सारखेच पडलेले असतील, तर त्या दोहोंमधील गॅस्केट बहुधा जळालेलें असतें. हें सर्व इंजिन न उघडतां कळतें, हें विशेष ध्यानांत ठेवावें.

गेल्या वर्षीं आमच्या गांवांतील एका एकत्र कुटुंबांत हाच प्रश्न उभा राहिला. घरांत वडिलांनीं घेतलेली पद्मिनी. आई वृद्ध, डोळ्यांच्या उपचारासाठीं तिला वरचेवर नांदेडला न्यावें लागे. गाडी उभी राहिली कीं बंद पडूं लागली. एका कारागिरानें इंजिन बोअर करावें लागेल असें सांगितलें व खर्चाचा मोठा आंकडा पुढें ठेवला. पुतण्या म्हणाला, “अण्णा, एवढा खर्च इंजिनावर करण्यापेक्षां गाडी भंगारांत दिलेली बरी.” अण्णा म्हणाले, “बाबांनीं घेतलेली गाडी मी रागानें देणार नाहीं, आणि मायेपोटीं पैसेही ओतणार नाहीं. आधीं दोष दाखव. मग तूं म्हणशील तसें करूं.” दोघांचेंही म्हणणें आपापल्या परीनें रास्त होतें. अडचण इतकीच कीं, वाद ज्या गोष्टीवर चालला होता, ती कोणींच पाहिलेली नव्हती.

पुतण्यानें तें मनावर घेतलें. कॉम्प्रेशन मोजलें, चारही आंकडे सारखे निघाले. तेव्हां बोअर करण्याचा प्रश्न तेथेंच मिटला. प्लग पाहिले, चारही पांढरट. पॉइंट व ठिणगी निर्दोष. खरा धागा मात्र धाकट्या सूनबाईंच्या बोलण्यांतून हातीं आला. मुलांना शाळेंत पोंचविण्यास गाडी त्याच नेत. त्या म्हणाल्या, “चोक अर्धा ओढून ठेवला कीं गाडी शांत राहते. आणि हें सारें दिवाळीपूर्वीं कार्बुरेटर साफ करून आणला, तेव्हांपासूनचें आहे.” या दोन वाक्यांत अर्धें निदान होतें. चोक हवा अडवितो. हवा अडविल्यानें ज्या रोगास आराम पडतो, तो रोग फाजील हवेचाच असला पाहिजे. वैद्यकांत यास ‘उपशय’ म्हणतात. ज्या उपायानें बरें वाटतें त्यावरून व्याधि ओळखणें. पुतण्यानें चालू इंजिनावर कार्बुरेटरच्या बुडाशीं, सांध्यावर, तेलाच्या झारींतून चार थेंब सोडले. थरथर क्षणभर थांबली, आणि तेल आंत ओढलें जातांच पुन्हां सुरू झाली. कार्बुरेटर साफ करतांना जुनेंच, कडक झालेलें गॅस्केट परत बसविलेलें होतें. कार्बुरेटरचें बूडही किंचित् वांकलें होतें. तें जाड कांचेवर बारीक पॉलिशपेपर पसरून घांसून सपाट केलें, नवें गॅस्केट घातलें, आणि गाडी शांतपणें चालूं लागली. झालेला खर्च भाजीच्या पिशवीहून अधिक नव्हता.

येथें एक नवी गोष्टही लक्षांत घेतली पाहिजे. २०२५ पासून आपल्याकडे बहुतेक सर्व पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. हें इथेनॉल कांहीं अंशीं आपल्याच शिवारांतील उंसापासून होतें, ही शेतकऱ्याच्या दृष्टीनें समाधानाची गोष्ट आहे. पण जुन्या कार्बुरेटरला तिची पूर्वकल्पना नव्हती. साधें पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनानें सुमारें १४.७ पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला सुमारें ९ पट; म्हणून या मिश्र इंधनास सुमारें साडेतेरा पट पुरते. जेट जुन्या हिशेबाचा असल्यामुळें मिश्रण आपोआप थोडें पातळ पडतें व उभ्या गाडीची थरथर वाढते. शिवाय इथेनॉल हवेंतील ओलावा शोषतें आणि जुन्या प्रतीच्या रबरी नळ्या व वायसर यांस फुगवितें किंवा चिरा पाडतें. महिन्यांतून एकदां निघणाऱ्या गाडीच्या टाकींत तें फार दिवस पडूं देऊं नये. इंधनाच्या नळ्या दरवर्षीं वांकवून पाहाव्या व नव्या घालतांना इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीच्याच मागाव्या.

दुरुस्तीचा क्रमही ठरलेला असावा: आधीं टॅपेट, मग प्लग, पॉइंट व टायमिंग, मग हवेची गळती, आणि सर्वांत शेवटीं कार्बुरेटरचे स्क्रू. पुष्कळांचा हात पहिल्याप्रथम स्क्रूकडेच जातो, आणि मग एका दोषावर दुसऱ्या दोषाचें पांघरूण पडतें. इंजिन पूर्ण तापल्यावर मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आंत फिरवावा, ठोका बिघडूं लागला कीं बाहेर फिरवावा, व जेथें इंजिन सर्वांत गोड चालेल तेथें थांबावें. नंतर वेगाचा स्क्रू जुळवावा. एका वेळीं एकच बदल करावा, व तो वहींत लिहून ठेवावा. दोन बदल एकदम केले तर गुण कशानें आला हें कधींच कळत नाहीं. अखेरची साक्ष पी.यू.सी.च्या यंत्राची घ्यावी. भारत स्टेज दोनच्या पूर्वींच्या पेट्रोल चारचाकीस उभ्या स्थितींतील धुरांत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. नीट जुळविलेली गाडी त्या मर्यादेच्या आंत राहते.

याच वायूविषयीं एक कळकळीची सूचना केली पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडला वास नाहीं, रंग नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट ओढीनें त्यास धरून ठेवतें. बंद पडवींत किंवा दार लोटलेल्या गॅरेजमध्यें इंजिन चालू ठेवून परीक्षा करणें म्हणजे झोपेंतच मृत्यूला बोलावणें होय. गाडी उघड्यावर आणावी, हँडब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा, गिअर न्यूट्रलमध्यें असल्याची खात्री करावी. पंख्याजवळ उपरणें, धोतराचा सोगा, पदर किंवा मोकळी वेणी जाऊं देऊं नये. गळती शोधण्यासाठीं तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याची कित्येकांची रीत आहे. ती आगीस आमंत्रण देणारी असल्यानें सर्वथा वर्ज्य करावी. लहान मुलांनीं पाहावें जरूर, पण चार हात दुरून.

इतकें करूनही कांहीं गाड्या असाध्य निघतात. चारही सिलिंडरांचा दाब गेलेला, खालचा पत्रा गंजून सांगाडा पोखरलेला, अशी स्थिति असेल तर मोह आवरावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते व पुढें दर पांच वर्षांनीं गाडीची योग्यता दाखवूनच ती वाढवून घ्यावी लागते. हा नियम जाचक वाटला तरी त्याचें मूळ आपल्याच मुलाबाळांच्या सुरक्षिततेंत आहे. साध्यासाध्य विचार हाही निदानाचाच भाग आहे. मात्र ‘असाध्य’ हा शब्द परीक्षेच्या शेवटीं उच्चारावयाचा असतो, आरंभीं नव्हे.

एकत्र कुटुंबांत कलह बहुधा अशाच अपुऱ्या पाहिलेल्या गोष्टींवरून होतात. वडील माणसें जुन्याचा कैवार घेतात, तरुण माणसें नव्याचा. आणि मधली वस्तु खरोखर कशी आहे हें पाहण्यास कोणासच सवड नसते. घरांतील मुलांमुलींस बॉनेट उघडून ‘आधीं विचार, मग पाहा, मग एकेक बदलून बघ’ ही रीत एकदां शिकविली, तर त्यांचा उपयोग मोटारीपुरताच राहणार नाहीं. पाण्याचा पंप, घरची शिलाई, आजाऱ्याचा ताप, कीं भावांभावांतील रुसवा, सर्वांची परीक्षा याच क्रमानें करतां येते. जो दोष नीट ओळखला, त्याची दुरुस्ती बहुतेक वेळां आपण भीत होतों त्याहून लहान निघते.